बारावी कांचन

१७ नोव्हेंबर

आले एकदाची. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून वाशीम आणि पुढच्या बसमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी तुरीच्या शेंगांची पिशवी. पिशवीवाली आजी अर्ध्या वाटेत उतरली तेव्हा मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकून गेली. नोकरीचा शकुन इतका गोड असेल तर आपली तक्रार नाही.

शाळा मुलींची, निवासी, केनवडपासून जवळच. चहूकडे हरभरा नुकताच वर आलेला, आणि मधोमध सिमेंटचं चक्क पूर्ण मापाचं बास्केटबॉल मैदान! मी तर बॅगा तशाच टाकून आधी बास्केटच्या रिंगा बघून आले. एकीला जाळी नाही, पण दोन्ही सरळ आहेत. आई फोनवर म्हणाली, योगिनी, खोली कशी आहे ते सांग आधी. खोलीही बरी आहे. रेक्टर रत्नमालाताईंनी येताच पोळी-भाजीचं ताट पुढे केलं आणि क्रीडा शिक्षिका असून इतकी बारीक कशी, म्हणून कीव केली.

१९ नोव्हेंबर

संघ बघितला. अकरा पोरी. पळतात छान, पास देताना मात्र डोळे मिटतात. त्यातली यूसरा ही खरी खेळाडू. मंगरूळपीरची, वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. पोरगी चेंडू हातात घेते तेव्हा बाकीच्या दहाजणी आपोआप नीट उभ्या राहतात. डिसेंबरात वाशीमला विभागाच्या संघाची निवड चाचणी आहे. हिला मी तिथे पोचवणार म्हणजे पोचवणारच.

दुसरी माझी लाडकी, केनवडची संस्कृती. गोल गुबगुबीत, धावायचा कंटाळा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दोन फेऱ्या मारल्या की खुर्ची शोधते.

यांची एक गंमत आहे. सराव सुरू होण्याआधी मुली हजेरी स्वतःच मोजतात, एक ते अकरा, आणि मग सगळ्या मिळून म्हणतात, बारावी कांचन. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्यातल्या शेवटच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी बसायला गेले तर संस्कृतीने दंडाला धरून बाजूला ओढलं. कांचन म्हणजे कोण, विचारलं तर सगळ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. असेल एखादी जुनी मैत्रीण.

२२ नोव्हेंबर

स्पर्धेत एक सामना हरलं की पोरींचं वर्ष संपतं. मग खेळाची गोडी लागणार कशी? म्हणून मी युक्ती काढली. माझ्या लॅपटॉपवर एक खेळ आहे. त्यात आपला संघ भरायचा, कोण किती पळते, कोण किती उडी मारते ते सांगायचं, आणि संगणक अख्खा हंगाम स्वतः खेळून दाखवतो. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावलं तर पोरी स्वतःचीच नावं धावताना बघून नाचायला लागल्या. यूसराने तर पडद्यावरच्या यूसराला ओरडून सूचना दिल्या.

संघात बाराजणी लागतात, अकराजणींवर खेळ पुढे सरकेना. बारावं नाव काय टाकू, असं मी विचारलं. शेवटी संस्कृतीच बोलली.

"बारावी कांचन हाये ना, मॅडम. पन तिले बसूनच ठेवा."

नाव टाकलं. पळणं, उडी, नेम, सगळं आपलं मध्यम ठेवलं.

२६ नोव्हेंबर

हंगामाचे पहिले सामने झाले. आम्ही जिंकतोय! यूसरा तर आहेच, पण खरी कमाल कांचनची. एका सामन्यात दोघी दमल्या म्हणून मी तिला पाच मिनिटं उतरवली आणि तिने चेंडू समोरच्यांच्या हाती लागूच दिला नाही. तेव्हापासून तिलाच खेळवते आहे. संगणकाने काढलेलं चित्र सगळ्यांचं एकाच छापाचं असतं, हिचं का कोण जाणे थोडं वाकून चालतं.

आज फळ्यावर सगळ्यांना श्रेणी दिल्या. या खेळात प्रशिक्षकाने तेच करायचं असतं, वरच्या श्रेणीला मैदान, खालच्या श्रेणीला खुर्ची. यूसराला अ, आणि शेरा लिहिला, "चेंडू हिचं ऐकतो, आता हिने माझं ऐकावं." कुणाला ब, कुणाला क, प्रत्येकीला एकेक चिमटा. संस्कृतीला ड दिला आणि लिहिलं, "बसण्यात जिल्ह्यात पहिली." सगळ्यात जास्त तीच हसली. मग मी कांचनच्या नावापुढे अ लिहिला. यूसरा उठली, ओढणीच्या टोकाने तो अ पुसला आणि जागेवर जाऊन बसली. मी तिला रागावले. लॅपटॉपमध्ये तो अ तसाच ठेवला.

२७ नोव्हेंबर

संस्कृती आज सरावाला आली आणि सरळ शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. मला वाटलं, कालच्या शेऱ्याची फिरकी घेतेय. मीही टाळ्या वाजवल्या. पोरी मात्र लांब उभ्या.

सराव संपला, उन्हं चढली, तरी ती उठली नाही. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. नाव घेतलं तर बघत नाही. हाताला धरून उठवायला गेले तर इतकी जड लागली की मला हलवेना. चौघींनी मिळून उचलून आत नेली. पलंगावरही ती बसलेलीच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. सकाळी पोरींनी एक ते अकरा मोजलं. संस्कृती खुर्चीवर होती, तिने तोंड उघडलं नव्हतं. मग अकरावा आवाज कुणाचा?

२९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, सलाईन लावू. संस्कृतीचे वडील उकंडराव येऊन तिला घरी घेऊन गेले. तिच्यासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवली होती. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

रत्नमालाताईंनी आज सांगितलं. कांचन इथलीच, बऱ्याच वर्षांपूर्वीची. पळायला जेमतेम, पण खेळायची फार हौस. तेव्हाच्या शिक्षकाने श्रेणी लावल्या, त्यात ती सगळ्यात खाली, बारावी. मार्चचं ऊन, लागोपाठ सामने, आणि ही दिवसभर कडेच्या खुर्चीवर आपला नंबर यायची वाट बघत. कुणी तिला पाणी विचारलं नाही. शेवटचा सामना जिंकल्यावर पोरी नाचत तिच्याजवळ गेल्या तेव्हा ती बसल्या जागीच गेलेली होती. कधी गेली ते कुणालाच माहीत नाही, कारण तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मुलींनी स्वतःच ठरवलं. या मैदानावर कुणाला श्रेणी लावायची नाही, सगळ्यांनी पाळीपाळीने खेळायचं, आणि दर वेळी कांचनला मोजायचं.

"मोजाचं, पन खेळवाचं नाही," ताई म्हणाल्या. "थे उठली का तिच्या खुर्चीवर कोनाले तरी बसाच लागते."

मी म्हटलं, ताई, हा संगणकातला खेळ आहे. ताईंनी विचारलं, नाव कोनं टाकलं त्यात?

१ डिसेंबर

केनवडला जाऊन आले. संस्कृती अंगणात खुर्चीवर होती. समोर गोठा आणि मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा ढीग, बाकी काही नाही. पण तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जातात, थांबतात, परत डावीकडे. मध्येच वर जातात आणि खाली येतात. बास्केट झाली की जातात तसे.

तिची आई वाटीने पाणी पाजत होती आणि ते हनुवटीवरून ओघळत होतं. उकंडराव माझ्याशेजारी उभे राहिले.

"पोरगी कोनाची मॅच पाहून राह्यली, मॅडम?"

मला रडू आवरलं नाही. मी त्यांना सगळं सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. एवढंच म्हटलं की मी तिला उठवते.

२ डिसेंबर

दुपारी वर्गात बसून संस्कृतीचा ड काढला, तिला अ दिला. कांचनला ड. साठवलं. पुन्हा उघडून खात्री केली.

यूसराची चाचणी आठ तारखेला आहे. तिचे वडील दुकान बंद करून येणार आहेत. पोरीने आज इतका सुंदर खेळ केला की मी घटकाभर सगळं विसरले.

३ डिसेंबर

सकाळीच उकंडरावांचा फोन. संस्कृती उठली! पाणी प्यायली, चार भाकरी खाल्ल्या, आता झोपली आहे. मी खोलीत एकटीच नाचले.

मैदानावर गेले. शेवटच्या खुर्चीवर यूसरा.

धावत लॅपटॉप उघडला. कांचन – अ. बाकी सगळ्या जशाच्या तशा. यूसरा – ड. मी हे केलेलं नाही. देवाशपथ, मी हे केलेलं नाही.

४ डिसेंबर

यूसरा अजून बोलते. संस्कृतीपेक्षा हिच्यात जोर जास्त, म्हणून ती हळूहळू बसते आहे. सकाळी स्वतः उठून दोन पावलं चालली आणि परत बसली.

"मॅडम, पायातली ताकद जाऊन राह्यली," म्हणाली. "समोर मॅच चालू हाये. थे लय चांगली खेळते."

खेळ लॅपटॉपवरून काढून टाकला. वर्गात आवाज आला म्हणून गेले तर मोठ्या पडद्यावर सामना चालूच होता. वीज नव्हती. भर दुपार, खिडकीतून ऊन, आणि पडद्यावर ती वाकून चालणारी. ती थांबली. माझ्याकडे तोंड केलं.

रागाने बघत नव्हती. तेच तर – राग असता तर बरं. वर्गात हात वर करणाऱ्या पोरी कशा बघतात, मॅडम मला विचारा, मला – तसं.

५ डिसेंबर

रात्रीच खेळ लॅपटॉपवर परत आला. आपोआप.

कांचनला पुसता येत नाही. तिला ड दिला की तो यूसरावर जातो. खोटं नाव टाकून पाहिलं, सकाळी ते नव्हतं. कुणीतरी खरी बसायला हवी.

यूसराच्या वडिलांनी आज तिला उचलून छातीशी धरलं आणि ती बसल्या आकारातच राहिली. मग तिची ओढणी नीट केली.

दुसऱ्या एखाद्या मुलीला ड दिला तर यूसरा सुटेल. नावांवरून बोट फिरवत बसले. ही? हिला आई नाही. ही? ही तर सातवीतली. ही? – मी काय करते आहे? त्या शिक्षकानेही असंच बोट फिरवलं असेल.

६ डिसेंबर

संस्कृती घरीच आहे, ती आता खेळणार नाही. तिचं नाव काढलं. तिच्या जागी लिहिलं –

योगिनी. ड.

यूसराला अ.

भीती वाटते. फार भीती वाटते. आईला फोन केला, खोलीचंच बोलत राहिले.

७ डिसेंबर

यूसरा उठली. पळत माझ्याकडे आली. मी खुर्चीवर. तिला कळलं. रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, उद्या खेळ. परत आलीस की आधी माझ्याकडे ये. माझ्याकडे बघ. नाव घे. ज्या मुलीकडे कुणी बघितलं नाही तिची ही खुर्ची आहे, बघितलं की कदाचित सुटेल –

तिने शब्द दिला. अल्लाची कसम म्हणाली.

ताईंनी वही मांडीवर ठेवली. बोटं अजून चालतात.

समोर सामना सुरू झाला आहे.

८ डिसेंबर

कांचन खरंच छान खेळते. कुणी तिला कधी उतरवलं असतं तर –

ऊन. पाणी मागितलं. आवाज बाहेर येत नाही. ताई दोनदा समोरून गेल्या. दुसऱ्यांदा थांबल्या नाहीत.

गाडी आली. यूसरा! गळ्यात हार. निवड झाली. झाली – माझी पोर – वडील पेढे वाटताहेत, पोरी ओरडताहेत. सगळ्या खुर्च्यांवर बसल्या आहेत, ओळीने. यूसरा डबा घेऊन निघाली. एकेकीला पेढा, एकेकीचं नाव घेऊन. हसते आहे.

माझ्या अलीकडे तीनजणी. दोन.

यूसरा, इकडे –

शेजारचीला भरवला. आता माझ्यापुढे उभी आहे. डब्यात पेढे उरलेत. तिची नजर माझ्या –