ओलीची कड

न्हाय आबा, पोरीला तुमची इद्या आलेली न्हाय. कुणी इचारायच्या आधीच सांगते, कारण गावभर तेच चाललंय. तुमच्या धाकट्याची लेक हैद्राबादला गणितात लई पुढं शिकती. सुट्टीला आली, तर पोरांनी चौकात तिच्या फोटोचा ह्यो एवढा बॅनर लावला, 'पाण्याचं कोडं सोडवणारी गावची लेक'. झालं! पाणाड्याची नात, भुईतलं पाणी दावणं रक्तातच हाय म्हणत लोकं दारात. ताई, बोर कुठं मारू?

भाकरी थापता थापता म्या तिला इचारलं, "नेमकं करतीस काय गं तू?" म्हणली, "आत्या, कोरड्या मातीत पाणी मुरतं ना, त्या ओलीला कड असती. हितवर ओलं, पुढं कोरडं. ती कड कधी कधी नुसती थांबून राहती. आत पाणी सरकत असतं, पण कड जागची हलत न्हाय. एकदा निघाली की मग थांबत न्हाय. ती निघताना तिच्या चालीच्या रेघेत झटका बसल्यावानी कोपरा पडतो, का सगळं गुळगुळीत हुतं, तेवढं मी बघते." "रानात?" "न्हाय, कागदावर. समीकरणात." म्हणलं, "पडला कोपरा तर पडला, कुणाच्या पायात रुतणार हाय?" तशी खदाखदा हसली. वरसं घातलीत तिनं त्या कोपऱ्यापायी, आन् त्यात आपल्या रानातलं एक ढेकूळ बी न्हाय.

मग शेजारच्या रानातली सून आली, नवऱ्याला घिऊन. मागं निम्मी गल्ली. "ताई, तुमी नुसतं बोट दावा. आमी दावणीच्या म्हशी इकून बोर मारतो." पोरगी उभी राह्यली आन् सगळ्यांम्होरं म्हणली, "वहिनी, मला म्हाईत न्हाय. माझं गणित पाणी कुठं हाय ते सांगत न्हाय." एक जण म्हणला, "शिकली तशी शिंगं फुटली." दुसरा म्हणला, "आबा कधी न्हाय म्हणले नव्हते!"

तेच तर. तुमी कधी न्हाय म्हणला न्हाईत. तुमी दावलेल्या जागी हीर खांदली आन् नुसता खडक लागला, तो दिवस मला दिसतोय. तुमी चुलीपशी बसलाय, आई ताट पुढं सारती, तुमी मागं सारताय. आई म्हणती, "न्हाय म्हणायला जीभ झडती का तुमची?" तुमी म्हणताय, "आशेनं येत्यात गं. रिकामं कसं धाडू?" म्या दारात उभी. तवा म्या चौथीत, पण मनात पक्कं बसलं, आपला बाप लोकास्नी फसवतो. कुणाला बोलले न्हाय. तुमी गेला तरी निघालं न्हाय ते मनातनं.

तर आबा, दुसऱ्या दिवशी ती सून परत आली, माझ्याकडं. "अक्का, ताई न्हाय म्हणली, पण तुमी तर आबांची लेक." तुमी पाणी बघताना धरायचा तसा नारळच आणलेला, माझ्या तळहातावर आडवा ठिवला. कटकट मिटावी म्हणून निघाले तिच्या बांधानं, ती माझ्या मागं. लिंबापशी आले आन् हाताला झिणझिण्या आल्या. नारळ उभा राह्यला. म्या काय केलं न्हाय. आपला आपण उठला. पदराआड हात घेतला तशी ती मागनं म्हणती, "काय झालं अक्का?" म्हणलं, "कुठं काय? चल घरी. म्हशी इकू नको." तिचं तोंड बघवंना. म्हशी हायत अजून दावणीला.

पोरीला आडून इचारलं. म्हणती, हात आपणच हलवतो आन् आपल्यालाच कळत न्हाय, पाण्याचा काय संबंध न्हाय. असंल. तिचं खरं धरलं तर म्या न्हाय म्हणले ते बरंच झालं. पण तुमी फसवत नव्हता, एवढं मला कळलं. तुमच्या बी हातात तो असाच उठत असणार.

ह्यो कागद कुणाला दावायचा न्हाय, आता चुलीत घालते. आन् लिंबाखाली पाणी हाय का न्हाय, ते मला इचारू नका. म्या बोलणार न्हाय.