तुझं जांभळं जुनेर

प्रिय अक्का,

परवा तुझ्या प्राजूचं लग्न. तुझ्या घरात बायकांचा नुसता कालवा चाललाय आणि मी मागच्या पडवीत वही घेऊन बसलेय. सगळ्यांना वाटतंय, नंदा सामानाची यादी करतेय. यादी कसली! मला तुझ्यापाशी एक कबुली द्यायचीय. ती दिल्याशिवाय मांडवात माझा जीव लागायचा नाही.

अक्का, मी तुझी साडी कापली.

झालं सांगून. आता काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण पुढचं ऐकून घे.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून मेढ्याकडची चांगली सोयरीक आली तशी दाजींनी बार उडवायचं ठरवलं. पोरगा शांत आहे, तुला आवडला असता. बोलणी झाली त्याच दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की रुखवत मी करणार, आणि अक्काच्या घरातल्या वस्तूंचंच करणार. हल्ली तेही भाड्यानं मिळतं. एकच थर्माकोलचं तुळशीवृंदावन दहा लग्नांत मिरवून येतं. तुझ्या लेकीच्या लग्नात असलं मांडलेलं तुला खपलं असतं का?

आणि तुझ्याकडं कमी काय होतं गं? मोडक्या छत्र्यांचं कापड, दाजींच्या फाटक्या शर्टांची डबाभर बटणं, घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, आलेली एक न एक लग्नपत्रिका. टाकणं तुला माहीतच नव्हतं. लहानपणी आपण चिमणीच्या ज्योतीवर बांगड्यांचे तुकडे वाकवून त्यांचं तोरण करायचो, आठवतंय? 'फुटकी बांगडी दे' म्हटलं, की माझ्या पाठीत तुझा धपाटा. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं! बोटं माझी भाजायची आणि तोरण मात्र अक्काचं म्हणून गावभर मिरवायचं.

वस्तू एवढ्या जपल्यास, मग स्वतःचा जीव का नाही जपलास? दम लागत होता तर सांगायला काय झालं होतं? म्हणे, उसाची लागण होऊ दे, मग जाऊ दवाखान्यात. लागण झाली आणि तू राहिली नाहीस. ह्याचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

असो. तर रुखवतासाठी मी दाजींकडून तुझ्या कपाटाची किल्ली घेतली. प्राजू शिरवळला कंपनीत आहे. तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, सुट्टीला घरी येते. ती नसताना मी कपाट उघडलं. तुझ्या काठपदराच्या साड्यांना हात लावायचं धाडस होईना. म्हटलं, ह्या पोरीच्या हक्काच्या, तशाच राहू देत. आणि स्वयंपाकघराच्या दारामागं तुझं ते जांभळं सुती जुनेर लटकत होतं. विटलेलं, पदराला हळदीचे डाग पडलेलं. नेऊ का म्हणून दाजींना विचारलं, तर ते म्हणाले, न्या की, जुनेरच हाय.

मी आपली शहाणी! मलकापूरला घरी आणलं आणि दुपारभरात त्याच्या उभ्या पट्ट्या करून टाकल्या. एक पट्टी तर लगेच गोंदानं चार जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्यांवर गुंडाळली. लय झकास दिसत होत्या. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

मला काय ठाऊक, पोर दर सुट्टीला ते जुनेर उशाशी घेऊन झोपते म्हणून? तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं, बापालाही नाही. मनातलं न सांगण्यात तुझ्यावरच गेलीय.

सुट्टीला ती आली. दारामागं बघितलं, दाजींना विचारलं आणि थेट माझ्या दारात येऊन उभी राहिली. पट्ट्या समोरच पडल्या होत्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मावशी, कपाटातल्या साड्या आई लग्नाकार्याला नेसायची. घरात ती ह्याच साडीत असायची."

चहाही न घेता गेली. दाजींना सांगितलं, रुखवत भाड्यानं आणा, मावशीनं कशाला हात लावायचा नाही. माझा फोन उचलायचं तिनं बंद केलं.

तुझ्या दहाव्याला बायका माझ्याकडं बघून म्हणत होत्या, माय मरो पण मावशी उरो. तेव्हा असा संताप आला होता मला! माझी बहीण गेलीय आणि ह्या म्हणी कसल्या ऐकवतात? आणि आता मावशीनं उरून काय दिवे लावले? तू तर गेलीसच, तुझी पोरही मी हातची घालवली. ती माझ्याशी न बोलता सासरी गेली असती, तर तुला मी कुठल्या तोंडानं हाक मारली असती?

काय करावं सुचेना. मग त्या पट्ट्या पुन्हा जोडायला बसले. मशीनवर नाही, हातानं, धावदोरा घालून, पदराचे डाग एकमेकांना जुळवत. अकरा दिवस लागले. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, आधी कापायचं आणि मग शिवायचं, हा काय खेळ? मी नुसतं बघितलं, तसे गप झाले. साडी काही पहिल्यासारखी झाली नाही. शिवणींनी पन्हा कमी झाला, आणि बांगड्यांवर गेलेली पट्टी तर नव्हतीच. धुतली मात्र नाही मी. तेवढी अक्कल शिल्लक होती.

एसटीनं शिरवळ गाठलं आणि कंपनीच्या गेटबाहेर शिफ्ट सुटायची वाट बघत उभी राहिले. प्राजूनं मला लांबूनच ओळखलं, मैत्रिणींना पुढं पाठवलं. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिथंच रस्त्याच्या कडेला तिनं साडी काढली आणि तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते.

वाटेत मी केवढं बोलायचं ठरवलं होतं! पण तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं गं माझं. तुला विचारायला पायजे होतं."

ती म्हणाली, "गोंदाचा वास येतोय, मावशी." आणि रडता रडता हसली. मग शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, टाका लय बारीक घातलायस, आईला जमला नसता. वाईट वाटून घेऊ नको अक्का, खरंच आहे ते.

टपरीवर चहा घेताना तिनं विचारलं, मधली पट्टी कुठं गेली. मी बांगड्यांचं सांगितलं. निघताना म्हणाली, रुखवत तूच मांड. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला आम्ही दोघी बसलो. छत्रीच्या कापडाच्या पिशव्या, बटणांची फुलं, करवंटीचे करंडे, पत्रिकांची पाकिटं, सगळं तिच्या हातचं आहे. गोंद मात्र मला लावायला देत नव्हती.

आज सकाळी चुडा भरला. कासार हिरव्या बांगड्या मांडून बसला, आणि प्राजू उठून माझ्या पिशवीतनं त्या चार बांगड्या घेऊन आली. तुझी धाकटी जाऊ लगेच म्हणाली, शुभ कामात गेलेल्या बाईचं कापड नको, नुसता हिरवा चुडा राहू दे. खरं सांगते, मीसुद्धा घाबरले. ह्या वेळी पोरीचं काही वाईट व्हायला नको, म्हणून गप बसले.

प्राजूनं कासारापुढं हात धरला. म्हणाली, "मामा, आधी ह्या भरा. माझ्या आईच्या हायत. मग हिरव्या."

कापडामुळं बांगडी जाड झाली होती, सरकेना. त्यानं पंजा दाबून दाबून दोन्ही हातांत दोन-दोन चढवल्या आणि मग त्यांच्यापुढं हिरव्या भरल्या. मी पदर तोंडाला लावून मागं आले, ती इथं बसलेय.

अक्का, आता माझा शब्द ऐक. प्राजूला विचारल्याशिवाय तुझ्या चिंधीलाही कात्री लावणार नाही. आणि तिचं पहिलं माहेरपण इथं, तुझ्याच घरात होईल. मी दोन दिवस आधी येऊन राहीन, घर सारवून-पुसून ठेवीन, तिच्या आवडीचं रांधीन, सकाळी कुणाला तिला उठवू देणार नाही. तुझ्याएवढं जमणार नाही मला. पण तुझ्या लेकीला माहेर नाही, असं कुणाच्या तोंडून येऊ देणार नाही.

तुझीच,
नंदी