कानाला पोचलेला हात

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. आज तुम्ही गेल्यावर तुम्हालाच लिहितेय, आणि वाचणारीही मीच! पण आपल्या वस्तीवरच्या शाळेला परवा कुलूप लागलं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. पट सातावर आला होता. एवढ्या थोड्या मुलांसाठी शाळा चालवता येत नाही, सगळ्यांनी कालव्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जावं, असा कागद आला.

सहा जणांची सोय झाली. कुणाला वडील मोटारसायकलवर सोडणार, कुणी थोरल्या भावाच्या सायकलवर बसणार. राहिली ती संगी. तुम्ही शाळेत घातलेलं शेवटचं मूल!

आठवतंय? जून आला की तुम्ही ओट्यावर बसून वस्तीवरची पोरं हेरायचात. "ए पोरी, हिकडं ये. उजवा हात डोक्यावरनं घे आन् डाव्या कानाला लाव." हात पोचला की मूल सहा वर्षांचं झालं, शाळेला तयार. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, मला हसू यायचं. "आत्याबाई, शाळेत जन्माचा दाखला बघतात हो!" तर तुम्ही म्हणायचात, "दाखला हरावतो. कान हरावतो व्हय?"

आपल्या नयनाचा हात पाचव्याच वर्षी पोचला. केवढ्या हरखला होतात! आणि मी काय केलं? तिला नारायणगावच्या इंग्रजी शाळेत घातलं. वस्तीवर शाळेची जीप पहिल्यांदा आली ती आपल्याच दारात. तुम्ही तिच्या डब्यात गूळपोळी ठेवलीत आणि मला एवढंच म्हणालात, "सूनबाई, जीप काय एकटीला न्यायला येत न्हाई. उद्या समद्यांना नेईल."

नेलंच की! 'कॉन्व्हेंटवाल्या वहिनींची पोर जाते, मग आपली का नको?' असं घराघरात झालं. त्यात कुणी चाकणला गेलं, कुणी पुण्याला, आणि जे राहिले त्यांच्या घरात एखादंच मूल. नयना शिकली, नोकरीला लागली, त्याचं मला सुखच आहे. पण शाळेच्या पटावर न आलेलं पहिलं नाव आपल्या घरचं होतं, हेही खरं. आत्याबाई, एकदा तरी रागवायचं होतंत! मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही मात्र चपला घातल्यात आणि भीमाशंकराकडच्या डोंगरातून टोमॅटोच्या तोडणीला आलेल्या मजुरांच्या झोपड्यांकडे चालू लागलात. तिथेही तेच, "हात लाव बरं कानाला!"

तिथल्या संगीला तर तुम्ही कडेवर घेऊन शाळेत आलात. गुरुजी म्हणाले, "आजी, ही पाचाचीसुद्धा नसेल."

"हात पोचतोय न्हवं? बगा की, गुर्जी."

आणि तुम्ही हळूच तिची मान वाकवलीत. गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पोचला."

मी दारात उभी होते. खोटेपणा वाईट म्हणून सिस्टरांनी शिकवलेलं सगळं एकदम आठवलं. तरी गप्प राहिले. बरंच झालं!

कारण ती संगी आता चौथीत आहे आणि माझ्यापेक्षा भराभर पाढे म्हणते. परवा तिची आई, ठकूबाई, दारात येऊन म्हणाली, "वैनी, कालव्याच्या कडंनं एकली पोर न्हाई धाडायची. लई पानी वाहातं. आता येईल माज्यासंगं तोडणीला."

"मी नेईन तिला," मी म्हटलं. माझ्या तोंडून तुम्हीच बोललात की काय!

"तुमी? चालत?" ठकूबाई माझ्या गुडघ्यांकडे बघून हसली. "आन् वाटंत दमल्या म्हंजी?"

"मग संगी मला घेऊन येईल."

आज पहिला दिवस होता. आम्हाला निघालेलं बघून सायकलवाले, मोटारसायकलवालेही उतरले. सातही जण चालत! मी रुबाबात म्हटलं, "दोघा-दोघांची रांग करा." संगी म्हणाली, "आजी, वाट एकाचीच हाय. दुसरा कालव्यात जाईल!" अशी हसली पोरं! मग एकामागे एक गेलो, संगी पुढे, मी शेवटी. तिथल्या बाईंनी हजेरीत तिचं नाव लिहिलं, ते डोळ्यांनी बघितलं आणि मगच परतले.

येताना आपल्या शाळेवरून आले. व्हरांड्यात कुणीतरी कांदे पसरलेत. क्षणभर गलबलले. पण ती सात जणं पलीकडे बाकांवर बसलेली होती ना! पायरीवर टेकले, तिथेच हे पत्र लिहितेय, आणि झालं की मोठ्यांदा वाचूनही दाखवणार आहे, नेहमीसारखं.

मघाशी संगीची धाकटी बहीण इथे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हात लाव बरं कानाला." दोन बोटं कमी पडली. मी तिची मान वाकवली नाही. अजून एक वर्ष आहे.

पण शब्द देते, आत्याबाई. तोवर संगीला रोज कालव्यापलीकडे सोडीन. आणि पुढच्या जूनला धाकटीचं एखादं बोट कमी पडलंच, तर मान मी वाकवीन.

तुमची,
कॉन्व्हेंटवाली सून,
सुलभा