छोटीच्या गुडघ्याचा फोटो

ती. वहिनींस नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कसा आहे?

छोटीच्या गुडघ्याचा एक्स-रे मिळाला. इथे मी रोज असेच फोटो काढतो, तरी हा आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. हाडातूनच अळंबीसारखा कोंब फुटून सांध्यापासून दूर वळला आहे. कड पेन्सिलीने काढल्यासारखी स्वच्छ आहे. दादा ज्या गाठीने गेला, तिच्या फोटोत हाड कुठे संपतं तेच दिसत नव्हतं. दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले, म्हणून सांगतो.

बाई म्हणाल्या, "उंची वाढायची थांबली की हीसुद्धा थांबेल. दुखली किंवा त्यानंतरही वाढली, तर दाखवा." तोवर तिला पळू द्या.

फोनवर छोटी म्हणाली, "काका, आई येता-जाता माझ्या पायाची झडती घेते. पोलिसात भरती करा तिला!" मी हसलो. पण वहिनी, ते आता सोडा. दादाचा डोळा लागला की मीही त्याचा पाय चाचपून बघायचो. हाताला काही कळत नाही.

आईच्या पाया पडतो, छोटीला आशीर्वाद.

आपला,
भाऊजी