सशांच्या कानांची कचेरी

कुंभारवाडा, ता. जोयडा

प्रिय नेत्रा,

देवापुढं दिवा लावून लिहायला बसलेय. फोनवर हे जमलं नसतं. माझा आवाज जरा बदलला की तू लगेच ओळखतेस.

जपानहून येऊन दोन महिने झाले, तरी तुम्ही दाखवलेली ती जुनी सरकारी कचेरी डोळ्यांपुढून हलत नाही. चपला हातात धरायला दिलेली प्लास्टिकची पिशवी मी धुऊन आणली, तिच्यात आता काकडीचं बी ठेवलंय. इथं सगळ्यांना सांगते, आपल्या जोयड्याच्या तहसीलदार कचेरीसारखीच, पण राजेरजवाड्यांच्या काळातली, आणि पुसून लख्ख केलेली. कोठारात शेतसाऱ्यापोटी आलेल्या तांदळाची पेंढ्याची पोती रचलेली बघून मी हात जोडले. बाजूला बघते तर तुझी घरमालकीण सेत्सुकोबाईही हात जोडून उभी! खरं सांगू? बरं नाही वाटलं. निदान देव तरी माझ्या वाट्याला ठेवायचा.

तू तिला ‘ओकासान’ म्हणतेस. त्याचा अर्थ आई, हे मला जावईबापूंनी सांगितलं, तू नाही. तुळतुळीत लाकडी पायरीवर तिनं माझ्यापुढं हात केला, मी पदर सावरायचं सोंग केलं. तो हात तू धरलास. खिळे झाकायला लावलेले छोटे छोटे ससे तिनं तुला दाखवले, दोघी हसलात, आणि मला सांगायचं तुला मागाहून आठवलं. साहेबानं लांब कानांनी रयतेचं ऐकावं म्हणून ते ससे. पुढं चौकशीचं अंगण होतं, तिथं गुन्हेगाराला खडीवर बसवायचे. वाटलं, तुम्ही दोघी वर चटईवर आणि मी खाली खडीवर. सशांनी माझ्या मनातलं ऐकलं असतं तर खरंच बसवलं असतं.

तिथंच तिनं विचारलं ना, तुझ्या बाळंतपणाला कोण येणार? मी म्हटलं, सांग तिला, आई हाय अजून जिवंत, दुसऱ्या कुणाची गरज न्हाई. तू काय सांगितलंस देव जाणे, बाई आपली वाकून नमस्कार करत राहिली. घरी हे सांगितलं तर तुझे बाबा म्हणाले, व्हय गे, ती म्हातारी काय तुझ्या लेकीला खाणार हाय?

तेच बाबा गेल्या मंगळवारी गोठ्यात घसरले. मांडीचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं, आता बरे आहेत, पण तीन महिने अंथरूण सुटणार नाही. तुला कळवू नको म्हणून त्यांनीच बजावलं होतं. त्यांना टाकून मला येता येणार नाही, बाय. सेत्सुकोबाईंना सांग, बाळंतपण आता तुम्हीच बघा, अशी मी हात जोडून विनंती केलीय. अळीव पाठवतेय, बाळाला न्हाऊ घालायची रीत वेगळ्या कागदावर लिहिलीय, ती त्यांना ओळ न् ओळ समजावून सांग. त्यांना ओकासान म्हणतेस ते मला अजून आवडत नाही, पण म्हण. बाळही त्यांच्या मांडीवर दे. फक्त ‘अज्जी’ हा एक शब्द त्यांना शिकवू नको. तो माझ्यासाठी ठेव.

तुझीच,
आई