तबकडीवरचं नाव

न्यू ऑर्लिन्स,
१४ मार्च १९६६

प्रिय एव्हारिस्त,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलं आहे, आत मात्र जुनंच लिहितो. क्लोथिल्ड तुला याच नावाने लिहायची आणि मला दुसऱ्या नावाने तुझ्याशी बोलता येणार नाही. टपालपेटीचा नंबर तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडला. तू बरा असशील, लॉस एंजेलिसची कोरडी हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल, असं धरून चालतो. सदतीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तेव्हा माझं अक्षर बघूनच काय ते तू ओळखलं असशील.

तुझी बहीण गेली. कार्निव्हल आटोपल्यावर, पाच तारखेला, शनिवारी सकाळी. तीन आठवडे अंथरुणाला होती. हृदय थकलं होतं, पण जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. आदल्या दिवशी शेजारीण लाल घेवडा घेऊन आली, तर म्हणाली, "शुक्रवारी घेवडा? आजारी मी आहे की तू?" आपल्याकडे घेवडा सोमवारी शिजतो, हे ती मरतानाही सोडायला तयार नव्हती.

मंगळवारी तिला पोचवलं. महिला मंडळाने पांढऱ्या पोशाखात रांग धरली होती. आमचाच बँड होता, पण मी वाजवलं नाही, मागून चाललो. तिचा नवरा म्हणून चालायचं होतं. कॉर्नेलियस आठवतो ना, ढोलवाला? सत्तरीला टेकलाय. त्याने ढोलाच्या तारांखाली रुमाल घातला होता, त्यामुळे आवाज दबका, दार वाजवल्यासारखा येत होता. जाताना सगळं संथ. कबरीपासून परतताना तीन गल्ल्या ओलांडल्यावर त्याने रुमाल काढला आणि बँड उसळला. आपल्या रिवाजाप्रमाणे लोक छत्र्या उघडून नाचले. मी तेवढ्यात घरी आलो.

इकडची बाकी खबर म्हणजे क्लेबॉर्न रस्त्यावरचे ओक पाडले. सगळे. वरून मोठा रस्ता जाणार आहे. मी दुपारी जुन्या हॉलमध्ये वाजवतो, पाहुणे लाकडी बाकांवर बसून ऐकतात. आपल्या ज्या संगीताला आपण कधी नावही दिलं नाही त्याला ते डिक्सीलँड म्हणतात. गेल्या महिन्यात डेन्मार्कहून टॉर्बेन नावाचा एक लांबलचक माणूस आला होता. आपल्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर पुस्तक लिहितोय. अठ्ठावीस सालच्या त्या तबकडीबद्दल फार खोदून विचारत होता. त्या दिवशी मी तापाने पडलो होतो, तुला आठवत असेलच. असो, ते पुन्हा कधीतरी.

तिला तुमच्याच घराण्याच्या कबरीत ठेवलं आहे, तुझ्या आईच्या शेजारी.

तुझा मेहुणा,
आशिल


न्यू ऑर्लिन्स,
२ मे १९६६

प्रिय एव्हारिस्त,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी सक्तीही नाही. तुझा उजळ रंग बघून तिथे तुला सगळे गोरा साहेब समजतात, आपल्या काळ्या वस्तीतला नाही. तुझ्या बायकोलाही दुसरं काही ठाऊक नाही, मुलांना तर नाहीच. अशा घरात न्यू ऑर्लिन्सचा शिक्का असलेलं पाकीट म्हणजे उगाच डोक्याला घोर, एवढं मला कळतं. पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली ती खोटी आहे, आणि ती तशीच राहिली तर मला झोप लागत नाही.

मला ताप नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी तबकडी ध्वनिमुद्रित होणार होती त्या गोदामाच्या दारापर्यंत गेलो होतो. आत ते लोक मायक्रोफोन टांगत होते. कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, "एकदा मेणावर उठलं की पुसता येत नाही, नीट वाजवा." माझी चूक तिथे कायमची राहील, असं वाटलं. चोवीस वर्षांचा मी, लग्नाला सहा महिने झालेले. मागच्या मागे घरी आलो आणि पांघरूण ओढून पडलो. क्लोथिल्डने कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार. तिने माझं क्लॅरिनेट उचललं आणि तू जिथे गिलाव्याचं काम करत होतास तिथे धावत गेली. तू बाह्यांना चुना लागलेला तसाच गेलास आणि माझ्या जागी वाजवलंस. नावांची यादी आधीच दिलेली होती, म्हणून तबकडीवर माझं नाव छापलं गेलं. तू हसून म्हणालास, "राहू दे, माझं नाव छापून मुकादम काय मला बढती देणार आहे?"

इथवरचं तुला माहीत आहे, तापाचं सोडून. पुढचं माहीत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तबकडीच्या कंपनीचा माणूस परत आला. मी न्हाव्याकडे बसलो होतो, तिथे येऊन मला गाठलं. म्हणाला, "शिकागोत बँड जमवतोय. त्या तबकडीवरचं क्लॅरिनेट मला हवंय." तू तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी छताखाली थापी घेऊन उभा होतास. न्हाव्याच्या पोराला पाठवलं असतं तर पाच मिनिटांत आला असतास. मी म्हणालो, "तो मीच." त्याने मला तिथेच वाजवायला लावलं. अर्धवट दाढी, गळ्यात टॉवेल. दोन मिनिटं ऐकलं आणि टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "त्या दिवशी तुझा दिवस चांगला होता वाटतं." आणि गेला.

दोन महिन्यांनी तू पश्चिमेची गाडी पकडलीस आणि रंगाची रेघ ओलांडून पलीकडे, गोऱ्यांत गेलास. क्लोथिल्ड स्टेशनवर आली नाही. तुला ओळख दाखवायची नाही, असं तूच सांगितलं होतंस. ती घरी बसून मटार सोलत होती. टोपली संपली तरी तिची बोटं चालूच होती.

मी ती तबकडी आणून पाच महिने रोज लावली आणि तुझा तुकडा सुरासुराने पाठ केला. मधे तो एक हुंदका आहे ना, तोच मला जमता जमेना. शेवटी जमला. तेव्हापासून तोच माझं पोट आणि माझी अब्रू आहे. लोक लांबून तो हुंदका ऐकायला येतात, डोळे पुसतात आणि माझा हात हातात घेतात.

आजारपणात एकदा उशा नीट करताना क्लोथिल्ड म्हणाली, "तुम्हा दोघांपैकी कोणावर जास्त रागवावं तेच मला कळलं नाही. तो तिकडे दुसऱ्याच्या रंगात राहतो, तू इकडे दुसऱ्याच्या सुरात. मी मेल्यावर निदान एकमेकांना पत्र तरी लिहा."

मी विचारलं, "ताप नव्हता हे त्याला कधी सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? ताप तुझा होता."

तर टॉर्बेन ऑगस्टमध्ये परत येतोय. भला माणूस आहे, पण कान फार तिखट. मागच्या वेळी म्हणाला, "मिस्टर रोशाँ, या तबकडीवर तुम्ही श्वास जिथे घेता, तिथे पुढे कधीच घेतलेला दिसत नाही." मी म्हटलं, "तरुणपणी फुफ्फुसं वेगळी असतात." कॉर्नेलियस बाजूला काठ्या पुसत होता. त्या गोदामात असलेल्यांपैकी आता तो एकटाच उरलाय. टॉर्बेन गेल्यावर म्हणाला, "आशिल, तू इतकं मनापासून खोटं बोलतोस की मलाच वाटायला लागलंय, त्या दिवशी मी तिथे नव्हतो."

मला त्याला तुझं नाव सांगायचं आहे. पण ते छापून आलं तर तुझ्या घराचं काय होईल, ते तूच जाणतोस. म्हणून विचारतो. आणि हेही लिहून टाकतो की इतकी वर्षं तुझी ही अडचण मला सोयीचीच पडली. ती नसती तरी मी गप्पच बसलो असतो.

आशिल


न्यू ऑर्लिन्स,
३ नोव्हेंबर १९६६

प्रिय एव्हारिस्त,

तुझं जूनमधलं पत्र पोचलं होतं. पोच द्यायला उशीर केला. एवढंसं पत्र, पण मी ते किती वेळा वाचलं असेन.

तू लिहितोस की तो हुंदका नव्हताच. घाईत क्लोथिल्डच्या हातून तोंडाला लावायच्या रीडचा टवका उडाला होता, आणि त्या जागी क्लॅरिनेट चिरकलं. तू कसंबसं सावरून घेतलंस आणि बाहेर आल्यावर लाजेने कोणाशी बोलला नाहीस. हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटाच हसत सुटलो. पाच महिने, एव्हारिस्त. तुझी चूक वाजवायला मला पाच महिने लागले.

पुढे तू लिहितोस, "शिकागोला गेलो असतो की नाही, माहीत नाही. ट्राममधल्या त्या 'काळ्यांसाठी' पाटीच्या मागे बसायचा मला कंटाळा आला होता. पलीकडे मी बहुधा गेलोच असतो. तेव्हा माझ्या सगळ्या आयुष्याचं ओझं तू उचलू नकोस, तेवढी तुझी पाठ रुंद नाही. पण मला विचारायला हवं होतंस." आणि शेवटी, "नाव सांगू नकोस. मला नात आहे."

ते पत्र मी क्लोथिल्डच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे.

ऑगस्टमध्ये टॉर्बेन आला. मी त्याला म्हटलं, "त्या तबकडीवर मी नाही." त्याने आपलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद केलं.

"मग कोण?"

"ते सांगता येत नाही."

"पुस्तकात काय लिहू?"

"लिहा, वाजवणारा माहीत नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. तुम्हाला नाही."

रागावला नाही. दारात थांबून एवढंच म्हणाला, "तो जिवंत असेल तर त्याला सांगा, कोपनहेगनमध्ये एका माणसाने त्याच्यासाठी क्लॅरिनेट शिकायला घेतलं, आणि त्याला काही ते आलं नाही." तेव्हा सांगतो आहे.

त्या दिवसापासून हॉलमध्ये मी तुझा तुकडा वाजवत नाही. पहिल्या दुपारी ती जागा आली आणि मला काही सुचेना. चार मात्रा नुसताच श्वास धरून उभा होतो. मग जे आलं ते वाजवलं. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी नंतर तक्रार केली की आम्ही ओहायोहून आलो, आणि ते काही ऐकायला मिळालं नाही. कॉर्नेलियस म्हणाला, "इतक्या वर्षांनी तू पुढे काय वाजवणार ते मला ठाऊक नव्हतं. चक्क जागं राहून ढोल वाजवावा लागला." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

परवा सर्व संतांचा दिवस होता. सालाबादप्रमाणे सगळी वस्ती कबरी धुवायला लोटली. मी चुन्याची बादली, कुंचला आणि शेवंती घेऊन आठ वाजता पोचलो, तर आपली कबर रंगवून तयार. चुना अजून ओला होता. डाव्या कोपऱ्यातली भेग, जी मी चार वर्षं नुसती बघत होतो, ती भरलेली. गिलाव्याची कड अंगठा फिरवून मोडलेली होती, तू मोडायचास तशी. मी बादली खाली ठेवली.

ओनेझिम तिथला रखवालदार. त्याला विचारलं.

"एक म्हातारे साहेब आले होते," तो म्हणाला. "गोरे. फाटक उघडायच्या आधीच टॅक्सी लावून उभे. मी म्हटलं, साहेब, तुमच्या लोकांची दफनभूमी पलीकडे आहे. तर म्हणाले, मला इथलंच काम दिलंय. कोट काढून फांदीला अडकवला आणि लागले की. आशिल, मी पुष्कळ गवंडी पाहिलेत. साहेब लोकांत असा हात मी पाहिला नाही."

"काही बोलले?"

"क्लोथिल्डबाईंच्या नावावरून ओला फडका फिरवत होते तेव्हा विचारलं, हिचा नवरा अजून वाजवतो का? मी म्हटलं, वाजवतो, रोज दुपारी हॉलमध्ये. तर म्हणाले, काय वाजवतो? म्हटलं, ते मला काय ठाऊक साहेब, माझी इथली माणसं काही ऐकायला जात नाहीत. तेव्हा हसले. नंतर कोट चढवून बराच वेळ कबरीला पाठ टेकून बसले होते. कोटाला मागून चुना लागला, तो मी झटकून दिला."

मी फुलं ठेवली आणि घरी आलो. आणलेला चुना शेजारच्या कबरीला दिला, तिचं आता कोणी उरलेलं नाही.

दुपारी हॉलमध्ये गर्दी होती. मागच्या भिंतीशी उभे राहणारे असतात, तिथे उजेड कमी असतो आणि माझी नजरही आता पूर्वीची नाही. टोपी घातलेले तिघे-चौघे होते. त्यांच्यात तू होतास की तेव्हा गाडीत बसला होतास, मी विचारणार नाही. होतास असं धरून वाजवलं. माझा सूर बारीक आहे, वरच्या पट्टीत थोडा थरथरतो. तुझ्याइतका गोल कधीच नव्हता, आणि बासष्टाव्या वर्षी काही होणारही नाही. पण होतास तर जे ऐकलंस ते माझं होतं, एवढं लक्षात असू दे.

पुढच्या वर्षीही येणार असशील तर मी फाटक उघडायच्या आधीच येऊन बसेन. तू काम करत असताना हाक मारणार नाही. फक्त पाणी भरून देईन. एका कबरीवर दोन म्हातारे चुना लावत असले तर कोण कोणाचा, असं कोणी विचारत नाही.

अडतीस वर्षं उशिरा का होईना, तुला विचारून,
तुझा
आशिल