टाकीमागचा सुहास

शनिवार संध्याकाळ, बोरीवली

सिगरेट सोडल्यापासून खालच्या मजल्यावरच्या सुहासला टाळत होतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आम्ही दोघं रोज ओढायचो ना. मागच्या वेळी मी सोडली, तेव्हा त्यानेच पाकीट पुढे केलं आणि वाट लागली.

आज वाळलेले कपडे काढायला गेलो, तर टाकीमागे हाच, खिशात हात! मी मागे वळणार, इतक्यात तो ओरडला, "जवळ येऊ नकोस यार, मी सोडलीय!"

म्हणजे हे गाढव मलाच टाळत होतं! पोट दुखेपर्यंत हसलो. "अरे, मीही सोडलीय. मग इथे काय करतोस?"

"सिगरेट सुटली रे, ही जागा सुटत नाही."

खिशातून त्याने खारे शेंगदाणे काढले. दोघांनी टाकीमागे बसून फस्त केले.

घरी बायकोने सवयीने माझं तोंड हुंगलं आणि चिडली, "शेंगदाणे एकट्यानेच खाल्लेस?"